सोल्डर टिपेलाच चिकटते, पॅडला धरत नाही : नवशिक्यांची नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

सोल्डरिंग नव्याने शिकणाऱ्यांची एक तक्रार इतकी ठरलेली आहे की पहिले वाक्य ऐकल्यावर पुढचे आपणच पूर्ण करावे. २५ वॅटचे आयर्न, सोल्डर वायरचे रीळ आणि एक झिरो पीसीबी (सरावासाठीचा भोकांचा बोर्ड) आणलेला असतो. आयर्न चांगले तापलेले असते आणि वायर टिपेला टेकवली की ती वितळतेही. पण वितळलेले सोल्डर पॅडवर, म्हणजे बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यावर, पसरण्याऐवजी त्याची गोळी होते आणि ती टिपेच्या मागच्या बाजूला चढते किंवा टेबलावर घरंगळते. घासून, दाबून, पुन्हा पुन्हा टेकवून एक करडा गोळा कसाबसा पॅडवर बसवला, तर एलईडी त्या संध्याकाळी लागतो आणि दुसऱ्या दिवशी वायरला धक्का लागला की विझतो. मग आयर्न बदलले जाते, रीळ बदलले जाते, चार दिवस बरे जातात आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते, कारण जे बदलले त्यात बहुधा दोष नव्हताच.

आयर्न तापलेले असणे आणि जोड तापलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या तक्रारीतील बहुतेक सगळे प्रकार हा फरक न कळल्यामुळे होतात. सोल्डरमधील वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावते, दोहोंच्या सीमेवर कथील आणि तांबे यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो, आणि जोड धरून ठेवतो तो हाच थर. तो तयार व्हायचा तर पॅडचे तांबे आणि रेझिस्टरचा पाय हे दोन्ही स्वतः सोल्डरच्या द्रवणबिंदूपेक्षा अधिक तापले पाहिजेत, आणि त्यांच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असता कामा नये. यांपैकी एकही अट अपुरी राहिली की सोल्डर पृष्ठताणामुळे स्वतःभोवतीच गोळा होते. म्हणून तपासणी करताना आधी टिप, मग हाताची पद्धत, मग पृष्ठभाग, मग वायर आणि सर्वांत शेवटी आयर्नची ताकद, असा क्रम ठेवावा. नवशिका नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात करतो आणि ६० वॅटचे आयर्न घेऊन येतो, ज्याने पॅड उखडण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

टिप काळी पडली आहे का?

तापलेल्या टिपेला वायरचे टोक अलगद लावावे. टिप चांगली असेल तर सोल्डर क्षणात पसरते आणि टोकावर चकचकीत, ओला मुलामा दिसतो. टिप बिघडलेली असेल तर वायर वितळायलाच वेळ लागतो, आणि वितळली की थेंब होऊन घसरते. हा काळा थर म्हणजे धातूचे ऑक्साइड आणि जळलेल्या फ्लक्सची (ऑक्साइड काढून सोल्डर धरायला मदत करणाऱ्या राळेसारख्या पदार्थाची) काजळी असते, आणि त्यातून उष्णता फार कमी पलीकडे जाते. आत हीटर पुरेसा तापलेला असतो, बाहेर मात्र आयर्न ‘गरमच होत नाही’ असे वाटते.

आपल्याकडच्या साध्या आयर्नला तापमानाचे नियंत्रण नसते. प्लग लावल्यापासून काढेपर्यंत ते तापतच राहते. आयर्न लावून ठेवून मग डब्यातून रेझिस्टर शोधत बसण्याची सवय टिपेला सर्वांत महागात पडते, कारण कोरडी टिप ३५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला हवेत उघडी राहते. उपाय साधा आहे. टिपेवर सोल्डरचा पातळ थर सतत असू द्यावा. स्टँडमध्ये ठेवताना टिप पुसू नये. पुसायची ती पुन्हा उचलल्यावर, काम करण्याच्या क्षणी. आयर्न बंद करण्याआधी टोकावर ताजे सोल्डर भरपूर घ्यावे आणि ते तसेच थंड होऊ द्यावे.

पुसण्यासाठी पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला स्पंज किंवा पितळी तारांचा चोथा वापरावा. भांड्यांची हिरवी घासणी, सँडपेपर आणि कानस यांना टिपेपासून दूर ठेवावे, आणि यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सोल्डरिंग स्टेशनबरोबर (तापमान ठरवता येणाऱ्या आयर्नबरोबर) येणारी चांगली टिप आतून तांब्याची असते, तिच्यावर लोखंडाचा पातळ थर चढवलेला असतो, आणि टोक वगळता बाकीच्या भागावर सोल्डर चढू नये म्हणून क्रोमचा लेप असतो. लोखंडाचा थर खरवडला गेला की आतले तांबे वितळलेल्या कथलात विरघळू लागते आणि टोकाला खड्डा पडतो. अशी टिप पुन्हा दुरुस्त होत नाही. स्वस्त आयर्नमधील साधी तांब्याची बिट (म्हणजे टिपच) मात्र याला अपवाद आहे. तिच्यावर संरक्षक थर नसल्यामुळे ती झिजणारच, आणि थंड असताना कानशीने आकार देऊन, तापू लागताच राळ आणि सोल्डर चढवून घेतली की ती पुन्हा कामाला लागते. कोपऱ्यावर झिजलेल्या जागी लालसर तांबे दिसत असेल तर बिट साधी आहे असे समजावे. दुकानदाराने एका प्रकारच्या बिटेसाठी सांगितलेला कानशीचा सल्ला दुसऱ्या प्रकारावर वापरल्यामुळे कितीतरी चांगल्या टिपा वाया जातात.

लोखंडी थराची टिप काळी पडलीच असेल, तर तापमान शक्य असल्यास ३०० अंशांच्या आसपास ठेवून टोक राळेत बुडवावे, त्यावर सोल्डर वितळवावे, पितळी चोथ्यात फिरवावे आणि हे धीराने पुन्हा पुन्हा करावे. आधी एखादा ठिपका ओला होतो, मग तो ठिपका पसरत जातो. तापमान वाढवून हे काम लवकर होत नाही, कारण ४०० अंशांच्या वर ऑक्साइड अधिकच वेगाने वाढते.

आणखी एक दोष सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बिट धरून ठेवणारा स्क्रू तापण्या-थंडावण्याने सैल होतो आणि बिट नळीतून थोडी बाहेर सरकते. हीटरमध्ये तिचा जेवढा कमी भाग राहतो तेवढी ती कमी तापते. आयर्न पूर्ण थंड झाल्यावर बिट काढावी, तिच्या दांड्यावरची काळी पूड झटकावी, पूर्ण आत सरकवून स्क्रू घट्ट करावा. ‘मागच्या महिन्यापासून आयर्न मंद झाले’ या तक्रारीचे निवारण पुष्कळदा एवढ्यावर होते.

सोल्डर टिपेवर घेऊन जोडाकडे नेले जाते का?

टिप ठीक असूनही गोळीच होत असेल, तर हात कसा चालतो ते पाहावे. बहुतेक नवशिके टिपेवर सोल्डरचा थेंब घेतात आणि तो रंगाच्या कुंचल्याप्रमाणे पॅडवर नेऊन लावतात. यात दोन गोष्टी बिघडतात. वायरच्या पोटात असलेला फ्लक्स टिपेवरच धूर होऊन उडून जातो, आणि थेंब पोहोचतो तेव्हा पॅड थंडच असते. करडा, फुगलेला, बाजूने आत वळलेला गोळा यातूनच जन्मतो.

योग्य क्रम दोन-तीन सेकंदांत उरकतो, पण त्या सेकंदांत काय घडते ते एकदा भिंगाखाली नीट पाहिले तर हात आपोआप शिकतो. टिपेवर नावापुरते ओले सोल्डर ठेवावे, म्हणजे ती जिथे टेकेल तिथे उष्णता लगेच उतरते. टिपेची अणी न टेकवता तिची सपाट कड पॅड आणि पाय या दोहोंना एकाच वेळी लागेल अशी धरावी आणि साधारण एक सेकंद थांबावे. मग वायर समोरच्या बाजूने, पाय आणि पॅड मिळतात त्या कोपऱ्यात लावावी. आधी फ्लक्स पारदर्शक होऊन पुढे धावतो आणि धुराची बारीक रेघ उठते. पाठोपाठ सोल्डर वितळते, क्षणभर त्याचा आकार गोल राहतो, आणि अचानक तो गोलपणा मोडून ते पायाभोवती फिरून पलीकडच्या बाजूला पोहोचते आणि पायावर थोडे वर चढते. हा क्षण दिसला की जोड झाला. आधी वायर काढावी, मग आयर्न. सोल्डर गोठेपर्यंत बोर्ड हलवू नये आणि फुंकरही मारू नये.

थेंब वाहून नेण्याची सवय लागते तीही तिसरा हात नसल्यामुळे: एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात वायर, आणि रेझिस्टर धरायला कुणीच नाही. घटक बोर्डात घातल्यावर त्याचे पाय मागच्या बाजूने किंचित बाहेर वाकवले, किंवा वरून कागदी चिकटपट्टी लावली, तर हा प्रश्न उरत नाही. दोन तारा जोडायच्या असतील तर दोन्ही टोकांना आधी स्वतंत्रपणे सोल्डर चढवून घ्यावे. मग ती एकमेकांवर ठेवून नुसते तापवले तरी पुरते.

तांबे स्वच्छ आहे का?

झिरो पीसीबीच्या स्वस्त प्रकारात पॅडचे तांबे उघडे असते. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा तो बोर्ड कप्प्यात राहिला की तांबे तपकिरी पडते, आणि वायरमधला सौम्य फ्लक्स तेवढा थर काढू शकत नाही. खोडरबराने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने पॅड लखलखीत होईपर्यंत घासावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि नंतर त्यावर बोट लावू नये. वर्षानुवर्षे पुडीत पडलेल्या रेझिस्टरचे करडे झालेले पाय ब्लेडच्या पाठीने हलके खरवडावेत. हे न करता जास्त वेळ तापवत राहणे निरुपयोगी आहे. ऑक्साइड उष्णतेने जात नाही, उलट वाढते.

फ्लक्सचे काम पाहायचे असेल तर कल्हईवाल्याकडे पाहावे. तो तापलेल्या पितळी भांड्यात कथील फिरवण्याआधी नवसागराची पूड टाकतो. तिच्याशिवाय कथील भांड्याला धरत नाही, गोळ्या होऊन फिरत राहते. बोर्डावर राळ नेमके हेच काम करते, मात्र तिथे नवसागर चालत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याचे अवशेष हवेतील ओलावा शोषून तांबे खात राहतात. पत्र्याच्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असते आणि तीही याच कारणासाठी टाळावी. तिने सोल्डर झटकन धरते, शिकणारा खूश होतो, आणि काही आठवड्यांनी जोडाभोवती हिरवा थर दिसू लागतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठी राळेचाच फ्लक्स घ्यावा, मग तो खड्याच्या रूपात असो, पेस्टच्या किंवा पेनच्या.

काही धातूंवर मात्र राळेने काहीच होत नाही. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि हीटरची नायक्रोम तार यांना साध्या पद्धतीने सोल्डर धरत नाही, आणि त्यात वेळ घालवू नये. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या तारा येतात; अशी तार सोलताना जोरात खरवडली की मुलामा जातो आणि खाली पांढरट धातू दिसतो. इअरफोनची वायर हा आणखी वेगळा प्रकार आहे. लाल, हिरव्या, सोनेरी अशा केसासारख्या तारा उघड्या दिसतात, पण तो रंग म्हणजेच इनॅमलचे आवरण असते आणि त्यांच्यामध्ये बळकटीसाठी धाग्याचे तंतूही असतात. टिपेवर ताज्या सोल्डरचा मोठा थेंब घेऊन तारांचे टोक राळेसह त्यात काही सेकंद बुडवून ठेवावे. आवरण जळून फेस येतो, काळपट मळ वर येतो, आणि तार टोकाकडून चंदेरी होत जाते. ती चंदेरी दिसेपर्यंत जॅकला जोडू नये.

वायर कोणती आहे?

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत रीळ घेताना त्यावरचे आकडे वाचावेत. पहिला आकडा कथलाचा आणि दुसरा शिशाचा असतो. ६३/३७ मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० ला १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान एक छोटा मऊ टप्पा आहे, जो शिकणाऱ्याला अडचणीचा ठरत नाही. ४०/६० मात्र १८३ अंशांपासून सुमारे २४० अंशांपर्यंत लापशीसारखे मऊ राहते, त्या काळात बोर्ड जरासा हलला तरी आतून तडकते, आणि स्वस्त म्हणून नेमके तेच पदरात पडू शकते. आकडेच नसलेले रीळ घेऊ नये. शिसेविरहित वायरींपैकी कथील, चांदी व तांबे यांची वायर २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान आणि कथील-तांब्याची २२७ अंशांना वितळते. शिकण्यासाठी ती वायर अवघड जाते, असे माझे मत आहे. शिशाची वायर वापरल्यावर मात्र हात साबणाने धुवावेत आणि कामाच्या टेबलावर खाऊ नये. समोर दिसणारा धूर शिशाचा नसून राळेचा असतो, पण दम्याच्या रुग्णांना तोही त्रासदायक ठरतो. तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड धुराच्या वाटेत आणू नये.

वायरच्या पोटात फ्लक्स आहे की नाही, हेही पाहावे. टिपेवर तुकडा वितळवल्यावर पिवळसर राळ आणि धूर दिसला नाही, तर ती भरीव वायर आहे आणि वेगळा फ्लक्स लावल्याशिवाय ती चालणार नाही. जाडी २२ गेज, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर असावी. १८ गेजची जाड वायर लहान पॅडवर लागलीच शेजारच्या पॅडपर्यंत पूल बांधते.

सगळे ठीक, पण एकच जोड होत नाही

बहुतेकदा तो ग्राउंडचा, म्हणजे सर्किटच्या सामाईक परतीच्या जोडाचा, पाय निघतो. त्याचे पॅड तांब्याच्या मोठ्या पट्ट्याशी जोडलेले असते आणि तुम्ही दिलेली उष्णता तो पट्टा पळवतो. इथे तापमान वाढवण्यापेक्षा टिप रुंद करणे अधिक उपयोगी पडते. सुईसारख्या अणकुचीदार टिपेचा स्पर्श नखाएवढाही नसतो; छिनीच्या आकाराची टिप त्याच तापमानाला कितीतरी अधिक उष्णता उतरवते. नव्या आयर्नबरोबर बहुधा सुईसारखीच टिप येते, आणि ती आधी बदलावी असा माझा आग्रह आहे. स्टेशन असेल तर शिशाच्या वायरीसाठी ३२० ते ३५० अंश पुरेसे आहेत.

घरातील विजेचा दाबही विचारात घ्यावा, विशेषतः गावाकडे संध्याकाळी. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २५ वॅट देणारे आयर्न १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅट देते. दुपारी उत्तम चालणारे आयर्न रात्री रडत असेल तर टिपेला दोष देण्याआधी मल्टीमीटरने सॉकेटचा दाब मोजावा. मीटर एसी ७५० व्होल्टच्या पल्ल्यावर आहे याची खात्री करून आणि प्रोबच्या उघड्या धातूला बोट न लावता.

जोड झाला, पण टिकत नाही

दुरुस्ती करणारे याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जुना टीव्ही थाप मारल्यावर सुरू व्हायचा, तो पुष्कळदा याच दोषामुळे. चांगल्या जोडाची कड पॅडवर पातळ होत जाऊन मिळते. वाईट जोडाची कड पॅडवर उभी राहते किंवा आत वळते. केवळ चकाकीवरून निवाडा करू नये, कारण शिसेविरहित जोड चांगला असूनही निस्तेज दिसतो. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यानंतरच्या बहुतेक बाजारी बोर्डांवर असेच सोल्डर असते. मल्टीमीटरची जोड तपासण्याची बीपही फसवू शकते: नुसता स्पर्श असला तरी ती वाजते. बीप चालू ठेवून घटक प्लास्टिकच्या काडीने हलका ढकलावा; आवाज तुटला तर जोड कच्चा. ट्रान्सफॉर्मर, डीसी जॅक आणि कनेक्टर यांच्या पायांभोवती केसासारखी गोल भेग पडलेली असते, ती तिरप्या उजेडात भिंगाने दिसते.

असा जोड नुसता पुन्हा तापवून भागत नाही, कारण त्यातला फ्लक्स केव्हाच संपलेला असतो. जुने सोल्डर सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने किंवा डिसोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) काढावे, पाय घासावा आणि ताज्या वायरीने नवा जोड करावा. जुने सोल्डर वितळत नसेल तर ते शिसेविरहित असण्याची शक्यता आहे; त्यात थोडे ६०/४० मिसळले की द्रवणबिंदू उतरतो आणि पंप चालतो.

या खटाटोपात पॅड उखडले, आणि तपकिरी फिनोलिक झिरो पीसीबीवर ते लवकर उखडते, तरी बोर्ड फेकू नये. उखडलेला तुकडा कापून टाकावा, पायापासून जवळच्या शाबूत पॅडपर्यंत रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा आडवा ठेवावा आणि दोन्ही टोके वरच्याच पद्धतीने जोडावीत. छापील बोर्ड असेल तर ट्रॅकवरचा हिरवा लेप ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर खरवडून तांबे उघडे करावे आणि तो तुकडा तिथे जोडावा.